एकशे अठरा ठोके

“एकशे अठरा,” रक्तपेढीची बाई म्हणाली आणि तिनं ब्रिटाचं मनगट खाली ठेवलं. दुकानात एखादी वस्तू उचलावी, किंमत वाचावी आणि गुपचूप परत फळीवर ठेवावी, तसं. पहिल्यांदा एकशे बारा आले होते. मग “बस बाळ दहा मिनिटं, पाणी पी” झालं होतं. ती दहा मिनिटं ब्रिटा शाळेच्या व्यायामशाळेतल्या घडीच्या खुर्चीवर बसून, कागदी पेल्यातलं पाणी घोट घोट पीत, आपल्याच हृदयाला दटावत राहिली, की बाबा रे, आज नको, आज सगळे बघतायत. हृदयानं ऐकलं ते असं, की आणखी सहा ठोके वाढवून दिले. “शंभराच्या वर गेलं की आम्ही रक्त घेत नाही,” बाई म्हणाली, आणि मग आवाज जरा खाली आणून, “सकाळपासून काय घेतलंस?” “नाश्त्याला?” “नाश्ता, कॉफी. ते डब्यातलं झोप उडवायचं पेय पिता ना तुम्ही मुलं. सर्दीची गोळी. काहीही.” “ओट्स आणि दूध घेतलं. बस.” “बरं,” बाई म्हणाली. इतकं साधं ‘बरं’ ब्रिटानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि इतकं संशयानं बरबटलेलंही.

शिबिर तिनंच भरवलेलं. विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून सप्टेंबरात निवडून आल्यापासून तिनं शाळेत जे जे म्हणून हलवायचं ते हलवलं होतं. गेल्या वर्षापर्यंत जी मुलगी जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायची, तीच आता मुख्याध्यापकांच्या खोलीत दार न वाजवता शिरायची. जानेवारीतलं हे रक्तदान, उणे वीस अंशांच्या वाऱ्यात सगळ्या सू फॉल्स शहरानं नाकं मफलरात खुपसलेली असताना, तिनं एकशे चाळीस नावं गोळा करून जमवलेलं. शर्टावर तिची चकती: ‘मला विचारा, मी देते.’ आणि ती परत येताना वर्गातला टेट एल्स्टाड, कोपराला पट्टी बांधून बिस्किटं खात बसलेला, म्हणाला, “काय अध्यक्षबाई, रक्त नापास?” “पुरवणी परीक्षेला बसेन,” ती म्हणाली, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले, तीही हसली. चकती मात्र तिनं काढून खिशात टाकली. मनात पाल चुकचुकली होती, ती टेटच्या बोलण्यानं नव्हे. ती चुकचुकली त्या ‘बरं’नं. कारण ब्रिटाला ठाऊक होतं, हे आजचं नव्हतं. डिसेंबरापासून तिचं हृदय असंच पळत होतं. जिना चढताना पळायचं, जिना नसतानाही पळायचं, इतिहासाच्या तासाला निवांत बसलेलं असताना मध्येच एक ठोका गाळायचं आणि मग त्याची भरपाई म्हणून धडाधड चार मारायचं, उशीर झालेल्या माणसानं दारावर थापा माराव्यात तसं. आणि तिनं, वेडीनं, त्याला आनंद समजून घेतलं होतं. तिला वाटलं होतं, ही मीच आहे. इतकी वर्षं मंद ज्योतीवर ठेवलेली मी आता कुठं उकळायला लागलेय. चार तासांच्या झोपेनं भागतंय, हात तापलेले असतात, सगळ्यांच्या आधी उत्तर सुचतंय, खाल्लेलं कुठं जातं कळत नाही. यालाच लोक आत्मविश्वास म्हणत असतील, तर तो उशिरा का होईना पण घसघशीत मिळाला होता. आता एका अनोळखी बाईनं मनगटावर दोन बोटं ठेवून त्या सगळ्याला एक आकडा दिला होता, आणि आकड्यापाठोपाठ एक प्रश्न, की काय घेतलंस.

ती घरी पोचायच्या आत शाळेतून आईला फोन गेलेला होता. आई, जनेल, शहराच्या पश्चिमेकडच्या एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. एकोणीस वर्षं माणसांच्या तोंडात वाकून बघून तिची अशी सवय झालेली, की कुणीही बोलायला लागलं की तिची नजर त्याच्या डोळ्यांकडे न जाता दातांकडे जायची. घरात त्या दोघीच. बाबा रॅपिड सिटीत, दुसऱ्या संसारात, ख्रिसमसला कार्ड. त्या संध्याकाळी आईनं टॅव्हर्न केली होती. या शहरात ज्याच्या त्याच्या घरी होते तशी, मऊ पावात कांदा-मोहरी घालून मोकळा परतलेला खिमा, निम्मा पावात आणि निम्मा ताटात सांडणारा. आठवड्यातून तीन दिवस तेच असायचं, आणखी दोन दिवस तोच खिमा बटाट्याखाली दडवून भट्टीत जायचा. नोव्हेंबरापासून तळघरातली शीतपेटी मामानं आणून दिलेल्या मांसानं भरलेली होती. पांढऱ्या कागदाच्या पुड्या, त्यांवर त्याच्या हातचं वाकडं अक्षर.

“शाळेतून फोन होता,” आई म्हणाली.

“कळलं असेल मग.”

“एकशे अठरा.”

“त्या बाईंनी मोजले. मी नाही मोजले.”

“वजन किती उतरलंय तुझं?”

“तुझंही उतरलंय. ती निळी पँट येतेय तुला परत. सगळ्यांना सांगत होतीस.”

“माझं काळजीनं उतरलंय.”

“कसली काळजी?”

 आई ब्रिटाच्या तोंडाकडे बघत होती. ब्रिटाला आधी वाटलं, दातात कांदा अडकलाय. तिनं जीभ फिरवली. मग लख्खकन तिला उमगलं, की आई कांदा बघत नाहीये, आई दात मोजतेय, त्यांच्या कडा तपासतेय, हिरड्यांचा रंग बघतेय. आणि आईनं असं एकाच माणसाच्या तोंडाकडे बघितलेलं तिला आठवत होतं.

वर्लिन मामा. ती सात-आठ वर्षांची असताना तो सकाळी सकाळी यायचा, बाहेर बर्फ आणि याच्या कपाळावर घाम, खुर्चीत बसला की दोन्ही गुडघे शिवणयंत्रासारखे हलायचे. डोळे मोठे, पापणी लवायची नाही. एकापाठोपाठ एक विनोद सांगायचा, निम्मा एक सांगून झाला की त्याच्या पोटातून दुसरा काढायचा, आणि ब्रिटा हसून हसून दूध सांडायची. तिला सगळ्या मोठ्या माणसांत तोच आवडायचा, कारण मोठी माणसं थकलेली असतात आणि हा कधीच थकलेला नसायचा. तो दिवसेंदिवस वाळत गेला, आणि एके दिवशी आईनं त्याला “आ कर” म्हटलं, दिव्याखाली नेऊन, त्याची हनुवटी धरून, आणि त्याच्या तोंडात बघता बघता आई रडायला लागली. त्यानंतर त्याच्यासाठी दार बंद झालं. मामा घ्यायचा ती दात किडवणारी नशेची पूड, तिचं नाव घरात कुणी घेत नसे. ‘ते’ म्हणायचे फक्त. नऊ वर्षं बंद राहिलेलं दार या नोव्हेंबरात उघडलं, कारण मामाला ‘ते’ सोडून सहा वर्षं पुरी झाली होती, तो दीड तासावर शेतात राहून गुरं पाळत होता, आणि त्यानं पाच खोक्यांत भरून अख्ख्या एका गुराचं मांस आणलं होतं. दारातच उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत. “दरवर्षी खाटकाकडं देतो, पण यंदा त्याच्याकडं एप्रिलपर्यंत रांग होती,” तो म्हणाला. “म्हटलं, किती दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. शेजारच्या म्हाताऱ्याकडनं शिकून घेतलं. कापलं मी, दळलं मी, बांधलं मी. शिंगापासून शेपटीपर्यंत काही वाया घातलं नाही, ताई.” आणि आईनं खोकं हातात घेतलं. ते वजनदार खोकं हातात घेतानाचा आईचा चेहरा ब्रिटानं नीट पाहिला होता. त्यात माया होती, आणि मायेच्या मागे, दाराआडून डोकावणाऱ्या पाहुण्यासारखं, दुसरंही काही होतं.

तर आईचं गणित असं: नोव्हेंबरात भाऊ घरात आला आणि डिसेंबरात पोरीचे गुडघे हलायला लागले. गणितात चूक काढायला जागा नव्हती. ब्रिटाला ते गणित ऐकू येत होतं. आई बोलत नसताना तर जास्तच. शाळेतून आलं की तिच्या कपाटातल्या कोटाचे खिसे किंचित बाहेर आलेले असायचे. गादीची चादर, जी ती कधीच नीट खोचत नसे, ती खोचलेली मिळायची. म्हणजे चोर इतका टापटिपीचा, की चोरी करताना घरही आवरून जातो. पेन्सिलींची डबी, हिवाळी बुटांचे तळवे, कपाटातल्या जुन्या बाहुलीचं पोट. ब्रिटा आता खोलीत शिरायची तीच वास घेत, कुत्र्यासारखी, काय हललंय, काय फिरलंय. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपणही आईकडे बघतोय. बारीक. कॉफीचा कप उचलताना आईचा हात थरथरतो. आई पहाटेच उठून फरशी पुसत असते. आई गाडीत हीटर बंद करते, खिडकी उघडते, या थंडीत. आईला पटकन रडू येतं, त्याहून पटकन राग. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच? जी बाई दुसऱ्याच्या बाहुलीचं पोट उसवून बघते, तिच्या स्वतःच्या पोटात काय असेल? हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा ब्रिटाला स्वतःची शरम वाटली. दुसऱ्यांदा आला तेव्हा कमी वाटली. तिसऱ्यांदा, एका शनिवारी सकाळी, आई अंघोळीला गेलेली असताना, तिनं आईची पर्स उघडली. हृदय असं धावत होतं की नळाचं पाणी ऐकू येईना. हातरुमाल, दातांच्या दोऱ्याच्या सात फुकट डब्या, चर्चची पत्रिका, आणि तळाला औषधाच्या दुकानातलं एक चपटं खोकं. त्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आणि खाली लिहिलेलं: घरच्या घरी, पाच मिनिटांत, बारा प्रकारच्या नशेची तपासणी.

तिनं पर्स मिटली नाही. ती तशीच उघडी मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिली, आई टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आता यात कुणी कुणाला आधी विचारायचं, की माझ्या वस्तूंत हात का घातलास?

“बरं झालं,” आई शेवटी म्हणाली. “मला कसं काढावं कळत नव्हतं.”

“मी काही घेत नाही, आई.”

“मग प्रश्नच नाही.”

“मी सांगितलं ना तुला. आत्ता. तोंडानं.”

“तोही तोंडानंच सांगायचा,” आई म्हणाली. “कप घे. आणि दार उघडं ठेव.”

दार उघडं ठेवण्याचं कारण मामा होता; तो म्हणे तपासणीला दुसऱ्याची लघवी बाटलीत भरून आणायचा. ब्रिटा न्हाणीघरात बसली आणि आई उंबऱ्यात उभी राहिली, ओल्या केसांतून पाणी ठिबकत, नजर भिंतीवरच्या टाइलवर. म्हणजे न बघितल्यासारखं करून बघत. सतरा वर्षांची ब्रिटा, एकशे चाळीस लोकांची नावं गोळा करणारी, तिला लघवी होईना. आईनं हात लांब करून नळ सोडला. लहानपणी सोडायची तसा, अगदी त्याच सवयीनं, आणि ब्रिटाला वाटलं, यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. पाच मिनिटं दोघी त्या पट्टीवर वाकून बसल्या. बाराच्या बारा रेघा उमटल्या; रेघ उमटली म्हणजे ती नशा अंगात नाही. काही नाही. स्वच्छ. ब्रिटानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आता तो सुटेल, आता ती हसेल, नाहीतर रडेल. आईनं पट्टी उजेडाकडे धरली, पालथी करून पाहिली. “ही स्वस्तातली आहे,” ती म्हणाली. “सगळं नाही पकडत.” त्या क्षणी ब्रिटाच्या लक्षात आलं, की खरेपणा सिद्ध करायला हद्द नसते. खोटं पकडलं जातं तेव्हा संपतं तरी. खरं कुठं पकडायचं? पट्ट्या वाढवत जायच्या, रेघा वाढवत जायच्या, आणि बाविसावी रेघही स्वच्छ आली तर तेविसावीबद्दल विचारायचं. आईनं तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवावा, यापलीकडे तिला आता काही नको होतं, अध्यक्षपद नको, मे महिन्यात मिळणारं शाळा संपल्याचं प्रमाणपत्र नको. आणि नेमकी तेवढी एकच गोष्ट मेहनतीनं मिळण्यातली नव्हती.

डॉक्टरांकडे आईनंच नेलं, अर्थात मोठी तपासणी करायला. डॉ. रूथ विप्फ साठीच्या, शेतातल्या माणसासारखे जाड पंजे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी ब्रिटाच्या छातीला तारा चिकटवून कागदावर हृदयाच्या टेकड्या काढल्या, जवळजवळ, एकीच्या उतारावर दुसरीचा चढ. “ठोके जास्त आहेत, आणि मधून मधून एक आगाऊ पडतोय,” त्या म्हणाल्या. “कॉफी?” नाही. “तंबाखू, ती वाफेची नळी?” नाही. “नाक मोकळं करायची गोळी? दम्याचा पंप? मासिक पाळीत फार रक्त जातं? उपाशी राहतेस? ताप? परीक्षेची भीती? कुणी मुलगा?” प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दार, आणि प्रत्येक दारामागे ब्रिटा सापडेल अशा आशेनं आई मान पुढं काढून ऐकत होती. मग डॉक्टरांनी आईला बाहेर बसायला सांगितलं. “आता सांग,” त्या म्हणाल्या, गोड आवाजात. ब्रिटाला हसू फुटलं. “हेच सांगत होते, डॉक्टर. आई असतानाही हेच, आई नसतानाही हेच. दुसरं नाहीच माझ्याकडे.” डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, हसल्या नाहीत. रक्त काढलं, लघवी तपासली, आणि पुढच्या आठवड्यात गळ्याचीही तपासणी करून घेतली. त्या आठवडाभर ब्रिटाला ते पळतं हृदय आपलं वाटेनासं झालं. ती शाळेत बोलायला उभी राहिली की तिला शंका यायची, हे मी बोलतेय का ते बोलतंय? हा जो धीटपणा, हे जे भराभर सुचणं, ते उद्या डॉक्टरांनी गोळी देऊन थांबवलं, तर खाली काय उरेल, ती भिंतीकडे तोंड करून बसणारी? मग ती बोटांवर मोजायची: निवडणूक सप्टेंबरात. धडधड डिसेंबरात. सप्टेंबरातलं भाषण तिनं संथ हृदयानं केलं होतं, तळहात थंडगार होते, ते तिला पक्कं आठवत होतं. निदान तेवढं तरी तिचं होतं.

“नशा कुठलीच नाही,” दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, आणि ब्रिटानं आईकडे पाहिलं, पण डॉक्टरांचं संपलं नव्हतं. “थायरॉइडचं द्रव्य रक्तात दुपटीहून जास्त आहे. गंमत अशी, की हिच्या गळ्यातली ते द्रव्य करणारी गाठ, म्हणजे ग्रंथी, झोपलेली आहे. ती काही तयार करतच नाहीये. म्हणजे हे बाहेरून येतंय.” त्या थांबल्या. “वजन कमी करायला काही मुली थायरॉइडच्या गोळ्या खातात. आजीच्या, मावशीच्या बाटलीतून.” एका आरोपातून सुटून दुसऱ्यात, मध्ये पाणी प्यायलाही सवड नाही. आई म्हणाली, “आमच्या घरात कुणालाच त्या गोळ्या नाहीत.” आणि हे ऐकताना ब्रिटाच्या डोक्यात जे आलं ते तिला आयुष्यभर कुणाला सांगता येणार नव्हतं. बाहेरून येतंय. म्हणजे तोंडावाटे. म्हणजे जेवणातून. आणि जेवण कोण करतं? तिनं आईच्या हातांकडे पाहिलं, ते हात पर्सवर होते, थरथरत होते, आणि तिला एका निमिषापुरतं खरंच वाटलं, की ही बाई मला जेवणातून काहीतरी घालतेय. मामासारखी मी व्हावी म्हणून. म्हणजे मग हिचं खरं ठरेल.

डॉक्टरही त्या हातांकडेच बघत होत्या. “तुमचा हात द्या,” त्या म्हणाल्या. “माझा?” “हो, तुमचाच. मुलीला बघून झालं.” त्यांनी आईच्या मनगटावर दोन जाड बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खोलीत हीटरची घरघर तेवढी. “एकशे चोवीस,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही मुलीच्या पुढे आहात.”

“मला काळजीनं होतं ते.”

“केव्हापासून?”

 ब्रिटा म्हणाली, “डिसेंबरापासून.”

“दोघी मिळून खाता असं काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं. कॉफी ब्रिटा पीत नव्हती, ओट्स आई खात नव्हती, दूध दोघींचं वेगळं. मग टॅव्हर्न निघाली. मग शीतपेटी निघाली, खोकी निघाली, मामा निघाला. डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. त्या म्हणाल्या, की त्या स्वतः फ्रीमन गावाजवळच्या शेतावर वाढलेल्या, त्यांचे वडील घरीच कापायचे. “एकच विचारते. मानेचं मांस कसं काढलं त्यानं?” आता हे आईला कुठून ठाऊक असणार? पण ब्रिटाला तो दारातला मामा दिसला, शिंगापासून शेपटीपर्यंत. “काही वाया घातलं नाही, म्हणाला होता,” ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. गुराच्या गळ्यातही श्वासनळीला चिकटून तीच गाठ असते, त्या म्हणाल्या. खाटीक ती काढून टाकतो, त्याला तसा नियमच आहे. घरी कापणारा काटकसरी माणूस नळीपर्यंत खरवडतो आणि सगळं यंत्रात घालतो. खिम्यात ती दिसत नाही, आणि शिजवून जात नाही. “ते मांस खाणं आजपासून बंद. धडधडीला गोळी देते. पाच-सहा आठवड्यांत दोघी ठीक व्हाल. आणि त्या माणसाला कळवा, तोही तेच खात असणार.”

गाडीत आईनं चावी फिरवली नाही. काचेवर बर्फ साचत होता. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली, “त्याच्याकडूनच येणार.” ब्रिटा म्हणाली, “मांस आलं, आई. मांस.”  मग आई समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत म्हणाली, “माझी छाती धडधडायची ना, तेव्हा मला वाटायचं, आईच्या जिवाला कळतं. पोरीचं काहीतरी बिनसलंय म्हणून ही धडधडतेय. खोटी कशी असेल, इतकी धडधडतेय तर.”  ब्रिटा मनात ते उलटंपालटं करत राहिली. म्हणजे आधी छाती धडधडली, आणि मग त्या धडधडीला कारण हवं म्हणून आईनं घरभर नजर फिरवली, आणि हाताशी लेक होती. तिचं स्वतःचंही तेच. तिच्या हाताशी आई होती. एका मुठीत मावेल एवढं मांस, आणि त्यावर दोघींनी केवढी इमारत चढवली होती, खिसे, गाद्या, बाहुल्या, पर्सा. पण इमारतीच्या विटा कुठून आल्या? त्या काही गुराच्या मानेत नव्हत्या. त्या घरात आधीपासून रचलेल्या होत्या. आणि ते न्हाणीघराचं दार? ते उघडं ठेवायला सांगणारी कोण, ती गाठ का आई? हे कुठल्या पट्टीवर उमटणार होतं?

मामा गुरांना चारा घालून चारला घरात येतो. आईनं सव्वाचारला फोन लावला, हातात धरवेना म्हणून टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. ब्रिटा ओट्याला टेकून उभी राहिली. तिला भीती वाटत होती. भावाविरुद्ध काहीतरी सापडेल म्हणून नऊ वर्षं वाट पाहिलेल्या आईच्या हाती आज पुरावा होता.

“ताई?” मामाचा आवाज आला. आई आपणहून कधी फोन करत नसे. “काय झालं? मी काही केलेलं नाही.”

आईचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं सांगायला सुरुवात केली, डॉक्टर, मान, श्वासनळी, गाठ. सांगताना तिचा आवाज वर वर जाईल अशी ब्रिटा वाट बघत होती, पण तो खालीच गेला. पलीकडे नुसता श्वास. लांब कुठंतरी एक गाय हंबरली.

“वर्लिन? ऐकतोयस?”

“माझीही,” मामा म्हणाला.

“काय?”

“माझीही धडधडते. डिसेंबरापासून. झोप नाही, घाम. ताई, मला वाटलं, ते परत येतंय.” तो थांबला. “मी गाडीच्या किल्ल्या शेजारच्या म्हाताऱ्याकडं नेऊन ठेवल्या. महिना झाला. म्हटलं, शहराकडं जायलाच नको.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“तुला?” तो हसला, पण ते हसू लवकर संपलं. “माझ्या तोंडावर विश्वास बसला असता तुझा? माझाच माझ्यावर बसला नाही. म्हणजे ते मांस होतं? नक्की?”

“नक्की.”

“ताई, मी तुम्हा दोघींना विष घातलं आणि मला बरं वाटतंय बघ,” मामा म्हणाला, आणि मग तो फोनवर रडतोय हे दोघींना कळलं. आई टेबलाची कड नखानं खरवडत होती. ती फोनकडे बघून, अगदी हळू, म्हणाली, “मी त्या पोरीला दार उघडं ठेवून बसवलं, वर्लिन. कप घेऊन. तिनं काही केलं नव्हतं.”

“हे तिला सांगितलंस?”

“इथंच उभी आहे ती.”

“मग फोनला काय सांगतेस? तिला सांग की.”

आईनं वर पाहिलं. ब्रिटानं पाहिलं, की शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेत, दातांच्या मागे उभे आहेत; एकोणीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणाऱ्या बाईला स्वतःचं उघडत नव्हतं. तिनं फोन पुढं सरकवला. “तुझ्याशी बोलायचंय त्याला,” ती म्हणाली, जे मामा म्हणालाच नव्हता.

“ब्रिटा,” मामा म्हणाला, “आईचा राग आलाय ना तुला?”

आला होता. इतका आला होता की तो तिच्या गळ्यात, त्या झोपलेल्या गाठीच्या जागी, बसल्याचं तिला जाणवत होतं, आणि तो पाच-सहा आठवड्यांत उतरणारा नव्हता. तिनं आईकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात टेबलावर, थरथरणारे, लपवायचे विसरून गेलेले.

“नाही मामा,” ती म्हणाली. “अजिबात नाही. मला कळतं ना, ती का घाबरली ते.”

आवाज हलला नाही, पापणी लवली नाही. सगळ्या हिवाळ्यात ब्रिटा पहिल्यांदाच खोटं बोलत होती. आईचे खांदे खाली आले; तिनं डोळे पुसले, फोन जवळ ओढला आणि म्हणाली, “बघ, समजूतदार आहे पोरगी.” तिनं एका शब्दानंही फिरून विचारलं नाही. तिचा लगेच विश्वास बसला.